यंत्र बरोबरच असते, असे धरून



न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली. तेव्हापासून मराठी माणूस जिथे जातो तिथे लोणच्याची बरणी आणि व्याख्यानमाला घेऊन जातो. लंडनही त्याला अपवाद नाही. मला दिलेला विषय आहे 'कृत्रिम बुद्धिमत्ता आणि कायदा'. या सभागृहातल्या निम्म्या घरांत तरी कोणीतरी संगणकाच्या कंपनीत असणार. त्यामुळे यंत्र कसे शिकते हे मी तुम्हाला सांगण्यात अर्थ नाही. मी कायद्याकडूनच सुरुवात करतो.

ब्रिटनमध्ये एआयचा कायदा नाही, हे तुम्ही अनेकदा वाचले असेल. युरोपीय संघाने ११३ कलमांचा कायदा केला आणि तो १ ऑगस्ट २०२४ पासून अमलात येऊ लागला. ब्रिटनने तसे काही केले नाही. हे खरे आहे, पण अर्धेच. यंत्राच्या बोलण्यावर न्यायालयाने किती विश्वास ठेवायचा, हे सांगणारे एक कलम या देशात होते. १९८४ साली ते संसदेने केले आणि १९९९ साली संसदेनेच काढून टाकले. त्या कलमाची आठवण ठेवल्याशिवाय नव्या कायद्याची चर्चा करू नये, असे माझे मत आहे.

पोलिसांचे अधिकार आणि फौजदारी पुरावा यांविषयीच्या १९८४ च्या कायद्यातले ते कलम ६९. संगणकातून निघालेला कागद खटल्यात पुरावा म्हणून पुढे करायचा, तर तो संगणक त्या वेळी ठीक चालत होता हे दाखवण्याची जबाबदारी कागद पुढे करणाऱ्याची, असे ते सांगत असे. तेव्हा संगणक नवा होता आणि संसदेला त्याचा थोडा संशय होता.

पुढे संगणक सगळीकडे पोचला आणि हे कलम वकिलांच्या हातात पळवाट बनले. १९९७ साली हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये एक खटला निकाली निघाला. दारू पिऊन गाडी चालवल्याचा आरोप होता. श्वासातले मद्य मोजणाऱ्या यंत्रातले घड्याळ तासाभराहून अधिक चुकलेले निघाले. बचावाचे म्हणणे असे, की घड्याळ चुकले म्हणजे यंत्र बिघडले, सबब मद्याचा आकडाही बाद. लॉर्डांनी ते मानले नाही, आणि ते योग्यच झाले. त्याच वर्षी लॉ कमिशनने, म्हणजे इथल्या विधी आयोगाने, कलम ६९ रद्द करण्याची शिफारस केली. १९९९ च्या एका कायद्यात ती मान्य झाली. त्या कायद्याच्या नावात बालगुन्हेगारांचा न्याय आणि फौजदारी पुरावा असे दोन विषय एकत्र बांधले होते. गाजावाजा झाला नाही. एप्रिल २००० पासून कलम गेले आणि त्या जागी जुना रूढ संकेत परत आला: उलट पुरावा येईपर्यंत यंत्र नीटच चालत होते असे धरायचे. हा संकेत रस्त्यावरचे सिग्नल आणि वजनकाटे यांच्यासाठी तयार झालेला. सिग्नलच्या बाबतीत तो अगदी शहाणपणाचा आहे.

आता काळाचा योगायोग पाहा. ते कलम कायद्याच्या पुस्तकातून निघत होते, त्याच सुमारास, म्हणजे १९९९ पासून, देशभरच्या टपाल कार्यालयांत होरायझन नावाची हिशेबाची संगणकप्रणाली बसवली जात होती.

पुढची कथा तुम्ही जानेवारी २०२४ मध्ये आयटीव्हीच्या मालिकेत पाहिली आहे, म्हणून पूर्ण सांगत नाही. गावोगावची छोटी पोस्टे चालवणाऱ्या सबपोस्टमास्तरांच्या हिशेबात तूट दिसू लागली. करारानुसार तूट त्यांनीच भरून द्यायची. मदतीच्या फोनवर अनेकांना उत्तर मिळे, की असा त्रास फक्त तुम्हालाच होतो आहे. ९०० हून अधिक लोकांना होरायझनच्या आकड्यांवरून दोषी ठरवण्यात आले. बहुतेक खटल्यांत फिर्यादी पोस्ट ऑफिसच आणि तपास करणारेही पोस्ट ऑफिसचेच. यातले बरेच जण आपल्या उपखंडातून आलेल्या कुटुंबांतले. कोपऱ्यावरचे दुकान आणि त्यातच पोस्टाची खिडकी, हा त्यांचा संसार. पोस्टाच्या तपासनिसांच्या कागदांत संशयितांचे वंशावरून वर्गीकरण करणारे संकेतांक होते, हे २०२३ साली उघड झाले.

एकच खटला थोडा जवळून पाहू. सरे परगण्यातल्या वेस्ट बायफ्लीटच्या सीमा मिश्रा यांच्यावर सुमारे ७४,००० पौंड चोरल्याचा आरोप होता. २०१० साली गिल्फर्डच्या न्यायालयात खटला चालला. त्यांच्या बाजूच्या तज्ज्ञाने होरायझनच्या आतली मूळ माहिती वारंवार मागितली. पुरेशी मिळाली नाही. ज्युरीने त्यांना दोषी ठरवले आणि पंधरा महिन्यांची शिक्षा झाली. त्या गरोदर होत्या आणि त्या दिवशी त्यांच्या थोरल्या मुलाचा दहावा वाढदिवस होता. निकालानंतर पोस्टाच्या आतल्या पत्रव्यवहारात हा होरायझनवरचा हल्ला परतवल्याचा विजय म्हणून मांडला गेला. २३ एप्रिल २०२१ रोजी अपील न्यायालयाने ३९ जणांची दोषसिद्धी रद्द केली, त्यांत त्या होत्या. २०२५ च्या नववर्षाच्या यादीत त्यांना ओबीई मिळाला.

यात कायद्याच्या दृष्टीने महत्त्वाची जागा कोणती? खिडकीमागे बसलेल्या बाईने होरायझन चुकते असा पुरावा आणायचा होता. तो पुरावा होता कुठे? होरायझन पुरवणाऱ्या फुजित्सू कंपनीकडे. प्रणालीत आधीच सापडलेल्या दोषांची नोंद फुजित्सू ठेवत होती. शाखेच्या हिशेबात दुरून हात घालण्याची सोयही होती, आणि पोस्ट ऑफिस वर्षानुवर्षे ती नाकारत राहिले. म्हणजे उलट पुरावा आणण्याची मुभा होती, पण तो पुरावा ज्याच्या कपाटात, किल्लीही त्याच्याच कमरेला. ५५५ जणांनी मिळून दिवाणी दावा लढला तेव्हा कुठे, डिसेंबर २०१९ मध्ये, न्यायमूर्ती फ्रेझर यांनी होरायझनच्या चुकांचा सविस्तर निकाल दिला. मग दोषसिद्धी एकेक करून रद्द होत राहिल्या. शेवटी मे २०२४ मध्ये संसदेने कायदा करून शेकडो लोकांची दोषसिद्धी एका फटक्यात पुसली. न्यायालयांचे इतके निकाल संसदेने फिरवावेत, असे या देशात घडत नसते.

तुम्ही म्हणाल, होरायझन म्हणजे काही एआय नव्हे, ते साधे हिशेबाचे सॉफ्टवेअर. बरोबर. त्यातली चूक ओळीओळीने शोधता येत होती आणि तरी वीस वर्षे लागली. आजच्या प्रणालींमध्ये अमुक उत्तर का आले हे बनवणाऱ्यालाही नेमके सांगता येत नाही. मग तिथे उलट पुरावा कोणी आणि कसा आणायचा?

याच देशात दुसऱ्या प्रकारचा कायदाही होता आणि तो चालला. त्यासाठी मी तुम्हाला ऑगस्ट २०२० च्या दोन आठवड्यांकडे नेतो. कोविडच्या गोंधळात त्यांच्याकडे एकत्र पाहायला कोणाला सवड मिळाली नाही.

पहिली गोष्ट व्हिसाची. गृहखाते २०१५ पासून व्हिसाच्या अर्जांची संगणकाकडून वर्गवारी करून घेत होते. हिरवा, पिवळा, लाल. रंग ठरवताना अर्जदाराचे नागरिकत्वही मोजले जाई आणि संशयास्पद मानलेल्या देशांची यादी गुप्त होती. लाल रंग मिळालेल्या अर्जाची छाननी कडक होई, नकार जास्त येत, आणि तेच नकार पुढच्या अर्जांना लाल ठरवायला उपयोगी पडत. नातवाच्या बारशासाठी आई-वडिलांचा व्हिसा काढताना कागदांची चळत जोडणाऱ्या आपल्या लोकांना हे वेगळे समजावून सांगायला नको. स्थलांतरितांसाठी काम करणारी जेसीडब्ल्यूआय ही संस्था आणि फॉक्सग्लोव्ह ही कायदेशीर लढे देणारी संस्था यांनी या पद्धतीला न्यायालयात आव्हान दिले. सुनावणी होण्याआधीच गृहखात्याने माघार घेतली आणि ७ ऑगस्टपासून ती वर्गवारी बंद केली.

चार दिवसांनी, ११ ऑगस्टला, अपील न्यायालयाचा निकाल आला. कार्डिफच्या एड ब्रिजेस यांनी साउथ वेल्स पोलिसांविरुद्ध खटला भरला होता. नाताळाच्या खरेदीच्या गर्दीत पोलिसांच्या कॅमेऱ्याने त्यांचा चेहरा तपासला, असे त्यांचे म्हणणे. निकाल ब्रिजेस यांच्या बाजूने लागला. त्यातला एक मुद्दा मला फार मोलाचा वाटतो. २०१० च्या समता कायद्याच्या कलम १४९ नुसार, आपल्या कृतीने वंश किंवा लिंग यांवरून भेदभाव होतो का, याचा विचार सरकारी यंत्रणेने स्वतः करायचा असतो. चेहरे ओळखणारे सॉफ्टवेअर भेदभाव करते की नाही हे पोलिसांनी पुरेसे तपासलेच नव्हते. ते कोणत्या चेहऱ्यांवर शिकले, ही माहिती कंपनीने व्यापारी गुपित म्हणून दिली नव्हती. न्यायालय म्हणाले, कंपनीचे गुपित समजण्यासारखे आहे, पण त्याने पोलिसांचे कर्तव्य संपत नाही. ब्रिजेस यांना सॉफ्टवेअर पक्षपाती आहे हे सिद्ध करावे लागले नाही. पोलिसांनी तपासले नाही, एवढे पुरले.

तिसरी गोष्ट ए लेव्हलच्या मुलांची, ती थोडक्यात. परीक्षा झाल्या नव्हत्या. ऑफक्वाल या संस्थेच्या सूत्राने १३ ऑगस्टला निकाल लावले आणि शिक्षकांनी सुचवलेल्या श्रेणींपैकी जवळपास ४० टक्के खाली ओढल्या. ज्या विषयाला फार थोडी मुले, तिथे शिक्षकांचे मत तसेच ठेवले गेले, आणि अशा लहान तुकड्या प्रामुख्याने खासगी शाळांत असतात. मुले रस्त्यावर आली. १७ ऑगस्टला सरकारने सूत्र मागे घेतले. पंतप्रधान जॉन्सन यांनी नंतर सगळा दोष बिघडलेल्या अल्गोरिदमवर ढकलला. सूत्र कोणी लिहिले, कोणी मंजूर केले, हे मात्र त्यांच्या बोलण्यात नव्हते.

या प्रकरणांत एआयचा खास कायदा कुठेच लागला नाही. कार्डिफच्या निकालात समता कायदा लागला, आणि तोही का लागला, तर त्याने ओझे यंत्र वापरणाऱ्याच्या खांद्यावर ठेवले होते. होरायझनच्या वेळी तेच ओझे आरोपीच्या खांद्यावर होते. मला नव्या कायद्याविषयी जे म्हणायचे आहे ते या फरकातून आले आहे. यंत्राची व्याख्या काय करायची यावर समित्या वर्षे घालवतील. त्यापेक्षा यंत्राच्या बोलण्याचा जाब कोणी द्यायचा, हे संसदेने आधी ठरवावे.

सरकारने या काळात काय केले? मार्च २०२३ मध्ये श्वेतपत्रिका आली. सुरक्षितता, पारदर्शकता, न्याय्यता, उत्तरदायित्व आणि दाद मागण्याची सोय, अशी पाच तत्त्वे तिने सांगितली. नवा कायदा नको, माहिती आयुक्त, ऑफकॉम, वित्तीय नियामक वगैरे जुन्याच संस्थांनी ही तत्त्वे आपापल्या क्षेत्रात पाळून घ्यावीत, असे धोरण. मग १ आणि २ नोव्हेंबर २०२३ रोजी ब्लेचली पार्कमध्ये ऋषी सुनक यांनी जागतिक परिषद भरवली. भारतासह २८ देश आणि युरोपीय संघ यांनी जाहीरनाम्याला संमती दिली. जागा महायुद्धातल्या सांकेतिक संदेशांची म्हणून निवडलेली. थोडे विषयांतर करतो. ब्लेचलीत १९४४ साली चालू झालेला कोलॉसस हा इलेक्ट्रॉनिक संगणक टॉमी फ्लॉवर्स यांनी बांधला, तो लंडनच्या डॉलिस हिलवर. आपल्या महाराष्ट्र मंडळाची वास्तू डॉलिस हिल लेनवर आहे, तोच हा भाग. आणि फ्लॉवर्स नोकरीला होते पोस्ट ऑफिसात. ज्या खात्याच्या अभियंत्याने कोलॉसस उभा केला, त्याच्याच वारसदाराने साठेक वर्षांनी आपल्या संगणकावर शंका घेणाऱ्यांना तुरुंगात पाठवले.

जुलै २०२४ मध्ये नव्या सरकारने राजाच्या भाषणात सर्वांत शक्तिशाली प्रारूपे बनवणाऱ्यांवर बंधने घालणारा कायदा करू, असे सूचित केले. २०२५ सरले तरी ते विधेयक संसदेत आले नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये पॅरिसच्या परिषदेत ब्रिटनने अमेरिकेसोबत जाहीरनाम्यावर सही टाळली. त्याच महिन्यात, ब्लेचलीच्या वेळी स्थापन झालेल्या एआय सेफ्टी इन्स्टिट्यूटच्या नावातला सेफ्टी हा शब्द जाऊन सिक्युरिटी आला. दरम्यान लॉर्ड होम्स यांनी नोव्हेंबर २०२३ मध्ये खासगी विधेयक मांडले. एक एआय प्राधिकरण असावे, कंपन्यांनी जबाबदार अधिकारी नेमावा, अशा त्यातल्या तरतुदी. लॉर्ड्सने ते मंजूर केले, निवडणुका आल्या, विधेयक बुडाले. मार्च २०२५ मध्ये त्यांनी ते पुन्हा मांडले. निवडून न आलेल्या सभागृहाने या विषयात निवडून आलेल्यांपेक्षा जास्त जागरूकता दाखवावी, हे लोकशाहीवाद्याला पचायला जड जाते, पण झाले तसे खरे. कलावंतांच्या स्वामित्वहक्कावरून बॅरोनेस किड्रन यांनी २०२५ मध्ये सरकारला पुन्हा पुन्हा हरवले, तेही तिथेच.

ते भांडण ज्या विधेयकावर चालले, तो डेटा वापरासंबंधीचा कायदा जून २०२५ मध्ये झाला. एल्टन जॉन आणि पॉल मॅकार्टनी बोलत असल्याने वर्तमानपत्रांनी तेवढीच बाजू छापली. त्याच कायद्यात आणखी एक बदल होता. माणसाचा हात न लागता, केवळ यंत्राने माणसाविषयी महत्त्वाचा निर्णय घेण्याला आधी सर्वसाधारणपणे मनाई होती आणि अपवाद मोजके होते. आता आरोग्य, वंश यांसारखी संवेदनशील माहिती वगळता बहुतेक ठिकाणी मुभा आहे. संरक्षण म्हणून निर्णय यंत्राचा होता हे तुम्हाला कळवायचे, आणि तुम्ही हरकत घेतली, माणसाकडून तपासणी मागितली, तर ती करायची. हरकत घेणार कोण? ज्याला इंग्रजी पत्र नीट वाचता येते आणि नकाराने जो खचलेला नाही, तो. हा बदल मला चुकीच्या दिशेचा वाटतो. ओझे पुन्हा खिडकीमागच्या बाईकडे सरकले.

आणि तरी योग्य कायदा कसा लिहायचा हे याच संसदेला माहीत आहे! मे २०२४ मध्ये स्वयंचलित वाहनांचा कायदा झाला. फारशी चर्चा झाली नाही, पण मला विचाराल तर एआयविषयीचा ब्रिटनचा सर्वोत्तम कायदा तोच आहे. गाडी स्वतः चालत असताना काही गुन्हा घडला, तर चालवण्याबद्दल आत बसलेल्यावर खटला नाही. ज्या कंपनीने ती गाडी स्वयंचलित म्हणून मंजूर करून घेतली, तिने उत्तर द्यायचे. मोजमाप काय, तर दक्ष आणि कुशल माणूस जितकी सुरक्षित गाडी चालवतो, तितकी किमान. अपघाताची माहिती देणे कंपनीवर बंधनकारक, आणि ती लपवली तर गुन्हा. पूर्ण अंमल २०२७ च्या उत्तरार्धात अपेक्षित आहे. कायद्यात यंत्राचे तत्त्वज्ञान नाही, जबाबदारीचा पत्ता आहे. रस्त्यावर जे जमले ते व्हिसाच्या कचेरीत आणि न्यायालयात का जमू नये?

जबाबदारी लिहून ठेवली तरी ती पाळून घेणारा माणूस लागतो. हे आपल्याला मुंबईने शिकवले आहे, आणि त्याआधी इंग्लंडला लँकेशायरने. १८०२ साली गिरण्यांतल्या उमेदवार मुलांसाठी कायदा झाला. देखरेख स्थानिक दंडाधिकाऱ्यांनी नेमलेल्या पाहुण्यांवर सोडली होती, आणि कायदा कागदावर राहिला. १८३३ च्या कायद्याने चार निरीक्षक नेमले आणि त्यांना गिरणीत शिरण्याचा अधिकार दिला. तिथेही घोडे पुराव्यावरच अडले. मूल नऊ वर्षांचे आहे हे ठरवायचे कसे? इंग्लंडमध्ये जन्माची सरकारी नोंद १८३७ पर्यंत नव्हती. त्या वर्षी एडविन सॉंडर्स या दंतवैद्याने एक पुस्तिका संसदेला सादर केली: उंचीपेक्षा दातांवरून वय बरे कळते. मुंबईत सोराबजी शापुरजी बंगाली यांनी १८७८ मध्ये विधेयकाचा मसुदा केला, १८८१ मध्ये कायदा झाला. शंभरहून कमी कामगारांच्या कारखान्यांना तो लागूच नव्हता. प्रौढ स्त्री-पुरुषांच्या तासांबद्दल त्यात अक्षर नव्हते. ब्रिटिश निरीक्षक मीड-किंग यांनी १८८२ मध्ये त्याच्या अंमलाचा अहवाल दिला. नारायण मेघाजी लोखंडे १८८४ मध्ये हजारो गिरणी कामगारांचे निवेदन घेऊन उभे राहिले, ते या उणिवांसाठी. लँकेशायरच्या मालकांनाही मुंबईवर कायदा हवा होता, अर्थात आपल्या स्वार्थासाठी. आज कॅलिफोर्नियाच्या कंपन्या कधी नियमन मागतात आणि कधी त्याला विरोध करतात, ते पाहताना मला या जुन्या मंडळींची आठवण येते. लोखंड्यांनी लँकेशायरचा हेतू तपासत वेळ घालवला नाही. त्यांनी रविवारची सुट्टी मिळवली.

श्वेतपत्रिकेची पाच तत्त्वे १८०२ च्या पायरीवर आहेत. गिरणीत शिरण्याचा अधिकार असलेला निरीक्षक अजून यायचा आहे. सरकारी खात्यांनी आपले अल्गोरिदम जाहीर नोंदवहीत लिहावेत अशी पद्धत २०२१ पासून आहे, पण पहिली काही वर्षे तीत मोजक्याच नोंदी पडल्या. मग पुढची खोलात जाणारी चौकशी कशाच्या आधारावर करायची?

जानेवारी २०२५ मध्ये न्याय मंत्रालयाने संगणकाच्या पुराव्याविषयी लोकांची मते मागवली आणि एप्रिलमध्ये मुदत संपली. कलम ६९ जसेच्या तसे परत आणा, असे मी म्हणणार नाही. लॉ कमिशनची १९९७ ची तक्रार खोटी नव्हती. श्वासयंत्राच्या घड्याळावरून दारुडा सुटू नये. प्रमाणित, साध्या, एकच मोजमाप करणाऱ्या उपकरणांसाठी जुना संकेत राहू द्या. जिथे प्रणाली माणसाविषयी निष्कर्ष काढते, त्याच्याकडे इतकी तूट आहे, हा चेहरा त्याचा आहे, हा अर्ज संशयास्पद आहे असे सांगते, तिथे वेगळा नियम हवा. मला तो साधारण असा सुचतो: जो कोणी अशा प्रणालीच्या आधारे दुसऱ्यावर आरोप करील किंवा त्याचा हक्क नाकारील, त्याने त्या प्रणालीच्या ज्ञात दोषांची नोंद आणि ती शेवटची कोणी, केव्हा, कशी तपासली याचा कागद, न मागता, आधी त्या माणसाच्या हाती द्यावा. तो कागद नसेल तर यंत्राचे म्हणणे विचारात घेऊ नये. फौजदारी खटला, व्हिसा, सरकारी भत्ता, सगळ्यांना एकच नियम.

खर्चाची तक्रार होईल. होरायझनच्या भरपाईपोटी सरकारी तिजोरीतून एक अब्ज पौंडांहून अधिक रक्कम गेली आहे, तेवढे उत्तर मला पुरे वाटते. दुसरी तक्रार व्यापारी गुपिताची होईल, आणि तिचे उत्तर कार्डिफच्या निकालात आहे. तिसरी तक्रार मात्र गंभीर आहे. नव्या प्रणालीच्या दोषांची यादी कधी पुरी होतच नाही, मग ज्ञात दोष म्हणजे नेमके किती? याला माझ्याकडे तयार मसुदा नाही. तुमच्यात हे काम रोज करणारे लोक बसले आहेत. प्रश्नोत्तरांत प्रश्नापेक्षा त्यांची उत्तरे ऐकायला मला आवडेल.